न केलेली सही: सर राल्फ व्हर्नी आणि क्लेडनची जप्ती

सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात एका घरात बापाने राजाचे निशाण धरले आणि थोरला मुलगा राजाच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या पार्लमेंटात बसला. पुढे त्याच मुलाने पार्लमेंटच्याही शपथेवर सही करायला नकार दिला. तो परागंदा झाला, त्याची इस्टेट जप्त झाली, आणि ती सोडवून आणली त्याच्या बायकोने. त्या मुलाचे नाव राल्फ व्हर्नी, पुढचा सर राल्फ व्हर्नी, पहिला बॅरोनेट (हा एक वंशपरंपरागत किताब).

राल्फला कागद जपायची सवय होती. आलेले पत्र तो ठेवीच, पण पाठवलेल्या पत्रांच्या नकलाही ठेवी. त्यामुळे कोणता निर्णय कधी, कुणाच्या सल्ल्याने आणि कशाच्या भीतीने झाला हे साडेतीनशे वर्षांनंतरही वाचता येते. प्रकरण अभ्यासात नावे बदलण्याचा रिवाज आहे. इथे ती बदललेली नाहीत, कारण ही माणसे इतिहासाची आहेत.

पार्श्वभूमी

व्हर्नी घराण्याचा पाया लंडनच्या व्यापारात होता. याच नावाचा एक पूर्वज, सर राल्फ व्हर्नी, १४६५ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला आणि त्याच्या काळात बकिंगहॅमशायरमधले मिडल क्लेडन घराण्याकडे आले. पण ते पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या कुटुंबाकडे भाडेपट्ट्याने होते. १६२० मध्ये सर एडमंड व्हर्नीने तो पट्टा सोडवून घेतला आणि तो सहकुटुंब तिथे राहायला आला. या एडमंडचा सावत्र भाऊ फ्रान्सिस घरचे सारे विकून उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी किनाऱ्यावरच्या चाच्यांना जाऊन मिळाला होता आणि १६१५ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाच्या इस्पितळात मेला. इस्टेट हातची कशी जाते हे व्हर्नींना ऐकून माहीत नव्हते, त्यांनी ते घरातच पाहिले होते.

एडमंड दरबारी माणूस होता. पहिल्या चार्ल्सच्या तो राजकुमार असल्यापासून चाकरीत, पुढे राजवाड्याच्या हद्दीतला न्याय आणि बंदोबस्त पाहणारा नाइट मार्शल. पदरी चार मुलगे आणि सहा मुली. दरबारी राहणीने कर्ज वाढत गेले. मुलींच्या हुंड्यासाठी त्याने वेगळी सोय केली होती. विक्रीच्या लोकरी कापडाची तपासणी करून त्यावर मोहोर मारण्याचे शुल्क सरकार घेई. त्या शुल्कातले वर्षाचे काही उत्पन्न एडमंडला राजाकडून मिळाले होते, ते त्याने मुलींसाठी बांधून ठेवले. राजा गादीवर स्थिर असेपर्यंत ही व्यवस्था पक्की वाटत होती.

राल्फ थोरला, जन्म १६१३ चा. १६२९ मध्ये त्याचे लग्न मेरी ब्लॅकनॉलशी झाले. तो पंधरा वर्षांचा, ती तेरा. मेरी ॲबिंग्डनची पोरकी वारसदार मुलगी. अशा मुलांच्या पालकत्वाचा हक्क त्या काळी राजाकडून विकत घेता येई आणि पालक बहुधा आपल्या सोयीने मुलीचे लग्न लावून देई. हे लग्नही मालमत्ता पाहूनच ठरले होते. पुढे त्यातून जे नाते उभे राहिले ते मात्र हिशेबापलीकडचे होते. पत्रांची कुठलीही चार पाने वाचली तरी ते कळते.

१६४० मध्ये राल्फ एल्सबरीतून पार्लमेंटात निवडून आला. सभागृहात बसून तो शिसपेन्सिलीने टिपणे घेई. लाँग पार्लमेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पार्लमेंटच्या आरंभीच्या चर्चा कळायला ती टिपणे आजही उपयोगी पडतात. १६४१ मध्ये त्याला नाइट केले गेले.

पेच

ऑगस्ट १६४२ मध्ये राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारले आणि ते एडमंडच्या हाती दिले. एडमंडचे मन या लढाईत नव्हते. धर्माच्या ज्या प्रश्नांवर भांडण पेटले होते त्यांत राजाने नमते घ्यावे असे त्याचे मत होते. तरी त्याने राजाचा सल्लागार एडवर्ड हाइड याला सांगितले ते असे: जवळजवळ तीस वर्षे ज्याचे अन्न खाल्ले त्याला आता सोडून जाण्याचा हलकटपणा माझ्याने होणार नाही, त्यापेक्षा मी जीव गमावीन, आणि तो जाणार हे मला ठाऊक आहे. २३ ऑक्टोबर १६४२ ला एजहिलच्या रणात तो पडला. प्रेत सापडले नाही. निशाणाच्या काठीला घट्ट धरलेला त्याचा तुटलेला हात तेवढा मिळाला, अशी कथा घराण्यात चालत आली.

बाप गेला तेव्हा राल्फ लंडनला, शत्रूच्या सभागृहात. धाकटा भाऊ एडमंड राजाच्या सैन्यात होता. त्याने त्याच सप्टेंबरात राल्फला अतिशय कठोर पत्र लिहिले होते. बाप-लेकांत कुटुंबाची जुनी स्नेही लेडी ससेक्स निरोप्याचे काम करत होती. वडील फार खिन्न आहेत, असे ती राल्फला कळवत राहिली. समेटाला वेळ मिळाला नाही.

मग १६४३ चे शरद आले. स्कॉटलंडची मदत मिळवायला पार्लमेंटने तिथल्या मंडळींशी धर्मकरार केला आणि प्रत्येक सभासदाने त्याची शपथ घेऊन सही करावी असे ठरवले. करारात बिशपांची व्यवस्था मोडून टाकण्याचे वचन होते. राल्फ राजाच्या जुलमाविरुद्ध होता, पण चर्च ऑफ इंग्लंडवर त्याची श्रद्धा होती. जे मनाला पटत नाही त्याची शपथ घ्यायची कशी, इथे तो अडला.

१६४३: समोरच्या वाटा

पहिली वाट सोपी होती. मनात काहीही असो, सही करून मोकळे व्हायचे. अनेकांनी तेच केले. जमीन शाबूत, जागा शाबूत. दुसरी म्हणजे ऑक्सफर्डला राजाकडे जाणे. बापाच्या मरणानंतर तिथे स्वागतही झाले असते, पण वर्षभर ज्या बाजूने बसलो तिच्याशी उघड वैर पत्करावे लागले असते, आणि राजाचे म्हणणेही राल्फला पटलेले नव्हतेच. तिसरी वाट म्हणजे क्लेडनला गप्प बसून राहणे. नकाशा पाहिला की ही वाट बंद होती हे कळते. एका बाजूला राजाचे ऑक्सफर्ड, दुसऱ्या बाजूला पार्लमेंटची छावणी असलेले एल्सबरी, आणि मधे क्लेडन. जवळच हिल्सडेनला राल्फच्या आजोळच्या डेंटन मंडळींचा वाडा होता. मार्च १६४४ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने तो घेतला आणि जाळला. राल्फच्या काही बहिणी त्या वेळी आत होत्या.

राल्फने चौथी वाट धरली, परदेशाची. १६४३ च्या अखेरीस मेरी, थोरला मुलगा ‘मन’ (हे त्याचे घरातले नाव) आणि मुलगी पेग यांना घेऊन तो ‘स्मिथ’ या नावाने फ्रान्सला निघाला. आधी रुआँ, मग ब्लुआ. धाकटा जॅक अवघा तीन वर्षांचा. त्याला अविवाहित आत्यांजवळ क्लेडनला ठेवले. पिसांच्या गाद्या भिंतीआड चिणून ठेवल्या. जमिनीचे काम कारभारी रोड्सवर सोपवले.

सद्सद्विवेकापुढे मी मान तुकवतो. पण हिशेब करताना राल्फने एक गोष्ट कमी धरली. न बोलता निघून जाणे हीसुद्धा पार्लमेंटच्या दृष्टीने एक भूमिकाच होती. त्याला वाटले आपण कुणाच्याही बाजूचे नाही, तेव्हा आपल्यावर गुन्हा कसला? गैरहजेरी हाच गुन्हा ठरला. इस्टेट जप्तीत गेली आणि सप्टेंबर १६४५ मध्ये त्याचे नाव सभासदांतून काढून टाकले गेले.

१६४६: कुणी जायचे?

जप्ती उठवण्याचे दोन रूढ मार्ग होते. एक, लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमधल्या समितीपुढे उभे राहून अपराध मान्य करायचा आणि दंड भरून जमीन सोडवायची. पण तडजोड करणाऱ्यालाही तीच धर्मकराराची शपथ घ्यावी लागे. म्हणजे ज्या सहीपासून पळालो, ती दारातच उभी. दुसरा, बायकामुलांच्या पोटासाठी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मागायचा. त्याने चूल पेटली असती, पण बापाचे कर्ज फिटले नसते आणि बहिणींची लग्नेही झाली नसती. कापडावरच्या शुल्काचे उत्पन्न युद्धात आटले होते.

राल्फला तिसरा, अवघड मार्ग हवा होता: मी अपराधी नाहीच, तेव्हा जप्तीच रद्द करा. त्यासाठी कुणीतरी लंडनला जाऊन दारोदार फिरायला हवे. तो स्वतः गेला तर अटकेची भीती, शिवाय सावकारांचीही. मामा डॉ. विल्यम डेंटन लंडनला होते. डॉक्टर असल्याने दोन्ही बाजूंच्या घरांत त्यांची ऊठबस होती. त्यांनी रोखठोक सल्ला दिला: बायका आजच्याइतक्या उपयोगी कधीच नव्हत्या, तू आलास तरी शहाणे लोक करतात तेच करशील, बायकोला पढवशील आणि समितीपुढे तिलाच उभी करशील.

१६४६ च्या अखेरीस मेरी एकटी लंडनला गेली. ती गरोदर होती.

काय केले

मेरीचा हा दीड वर्षाचा काळ या प्रकरणाचा गाभा आहे. घराण्याचा इतिहास सांगताना त्याला चार ओळी मिळतात, आणि ते मला खटकते.

लेडी ससेक्सने दरम्यान वॉरिकच्या अर्लशी लग्न केले होते. तो पार्लमेंटच्या बाजूचा वजनदार सरदार, त्यामुळे मेरीची पहिली आशा तिच्यावर होती. जुनी स्नेही गोड बोलली, हलली मात्र फार सावकाश. मेरी समितीच्या सभासदांच्या घरी खेपा घालत राहिली, कुणाचा कोण नातलग हे शोधत राहिली, वकिलांचे मत घेत राहिली. ब्लुआहून राल्फची लांबलचक पत्रे येत. कामाचा मसुदा कसा असावा, कुणाकडे आधी जावे, दाई कोणती धरावी, इतकेच काय, तिने गिटारचा सराव सोडू नये हेसुद्धा तो लिही. पत्रांत खऱ्या नावांऐवजी ठरवलेली नावे वापरली जात, कारण टपाल फुटत असे.

जून १६४७ मध्ये तिला मुलगा झाला. राल्फला नाव रिचर्ड हवे होते. मेरीने ऐकले नाही. बाळाला बापाचेच नाव दिले. मग ती क्लेडनला गेली. घराचे वर्णन तिने लिहून ठेवले आहे. भिंतीआड चिणलेल्या गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या, मांस भाजायच्या सळया गंजून गेलेल्या, घरातले कापड विरलेले. जॅक सात वर्षांचा होत आला होता आणि त्याचे पाय मुडदुसाने वाकले होते. सैनिकांची ये-जा, थकलेला शेतसारा, नणंदांच्या तक्रारी, हे सगळे तिच्यापुढे एकदमच आले.

त्याच वर्षीच्या शरदात ते तान्हे मूल आकडी येऊन गेले. त्याच सुमारास ब्लुआला आठ वर्षांची पेग वारली. मुलीचे जाणे बापाने एकट्याने सोसले, मुलाचे आईने एकटीने, आणि एकमेकांची बातमी पोचायला मधे समुद्र. पेग गेल्याचे मेरीला सांगण्याचे काम डॉ. डेंटन यांच्यावर आले. त्यानंतरच्या रात्री ती भ्रमिष्टासारखी बडबडत होती, असे त्यांनी राल्फला कळवले.

तरी ती ब्लुआला परतली नाही. जानेवारी १६४८ मध्ये प्रकरण समितीपुढे आले. मेरीने महिनोन् महिने ज्यांची दारे झिजवली होती त्यांतले बरेच जण त्या दिवशी हजर राहिले, आणि जप्ती उठली. सही नाही, दंड नाही, अपराधाची कबुली नाही. राल्फने १६४३ मध्ये जी अट मनाशी धरली होती ती तिने अक्षरशः पाळून दाखवली. जॅकला घेऊन ती १६४८ मध्ये फ्रान्सला गेली तेव्हा मुलाला बाप जवळजवळ अनोळखी होता.

परिणाम

दोन वर्षांनी, मे १६५० मध्ये, मेरी ब्लुआला क्षयाने वारली. वय चौतीस. राल्फने तिचा देह मसाल्यात जतन करून क्लेडनला पाठवला आणि तिथल्या चर्चमध्ये पुरवला. तो त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जगला. पुन्हा लग्न केले नाही.

भाऊ एडमंड १६४९ मध्ये आयर्लंडला ड्रोहेडा येथे, शहर पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याच्या हाती पडल्यावर काही दिवसांनी मारला गेला. राल्फ १६५३ च्या आरंभी घरी परतला. घर लावायला घेतले, आणि आई, बाप व बायको यांचे स्मारक चर्चमध्ये उभारले. १६५५ मध्ये क्रॉमवेलच्या सरकारने त्याला राजपक्षाचा संशयित म्हणून काही महिने कैदेत ठेवले आणि पुढे राजपक्षीयांवरचा दशांश कर त्याच्याकडूनही मागितला. ज्या राजाविरुद्ध तो पार्लमेंटात बसला होता त्याचाच पक्षपाती म्हणून!

राजेशाही परत आल्यावर १६ मार्च १६६१ रोजी तो बॅरोनेट झाला. हा किताब पहिल्या जेम्सने १६११ मध्ये काढला. अल्स्टरमध्ये तीस सैनिक तीन वर्षे पोसण्याचा खर्च, म्हणजे १०९५ पौंड, घेणाऱ्याने भरायचा, अशी मूळ योजना होती. किताब वंशपरंपरा चालतो, पण त्याने उमरावांच्या सभागृहात जागा मिळत नाही. म्हणून राल्फ पुढेही बकिंगहॅममधून कॉमन्समध्येच बसला. २४ सप्टेंबर १६९६ रोजी, ब्याऐंशी वर्षांचा होऊन तो वारला.

वंशाची रेषा मात्र त्याने आखली तशी गेली नाही. थोरल्या मनसाठी त्याने शेजारच्या ईस्ट क्लेडनची वारसदार मेरी ॲबेल पाहिली. बांधाला बांध लागून जमीन वाढणार होती. १६६२ मध्ये लग्न झाले आणि थोड्याच काळात ती मनोरुग्ण झाली. मन १६८८ मध्ये बापाआधी गेला आणि १६९० पर्यंत त्याचे दोन्ही मुलगेही गेले. उरला जॅक. त्याने कुलीन घराच्या रिवाजाविरुद्ध हट्टाने व्यापाराची उमेदवारी पत्करली होती आणि बारा वर्षे सीरियातल्या अलेप्पोला लेव्हंटच्या (पूर्व भूमध्य किनाऱ्याच्या) व्यापारात काढली होती. तोच जॉन, दुसरा बॅरोनेट, १७०३ मध्ये व्हायकाउंट फर्मॅना झाला. १६४३ मध्ये ज्याला मागे ठेवले होते, त्याच्यामुळे घराणे चालले.

जॉनचा मुलगा १७४३ मध्ये अर्ल व्हर्नी झाला. नातू, दुसरा अर्ल, याने क्लेडनला प्रचंड वाडा बांधायला घेतला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरमध्ये कर्जाने पैसा घातला. १७६९ मध्ये हैदर अली मद्रासपाशी येऊन ठेपल्याच्या बातम्यांनी ते शेअर कोसळले. त्या धक्क्यातून तो उठला नाही. १७९१ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि त्याच्याबरोबर राल्फची बॅरोनेटसीही संपली. आज क्लेडनशी जोडलेले व्हर्नी हे मूळचे कॅल्व्हर्ट. १८२७ मध्ये सर हॅरी कॅल्व्हर्टला इस्टेट मिळाली आणि त्याने आडनाव बदलले. त्याची दुसरी पत्नी पार्थेनोपी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलची बहीण. तिनेच क्लेडनमधली जुनी पत्रे लावून घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. म्हणजे राल्फ आणि मेरीला जगापुढे आणले ते त्यांच्या रक्ताच्या नसलेल्या सुनेने.

वेगळे काय करता आले असते

सहीबद्दल मी राल्फला दोष देणार नाही. पण निघून जाण्याआधी त्याने आपले म्हणणे सभागृहापुढे लेखी ठेवायला हवे होते. मित्रांना त्याने मोठमोठी समर्थनपत्रे लिहिली. समितीला दाखवता येईल असे एक पान मात्र मागे ठेवले नाही. ती उणीव भरून काढण्यातच मेरीचे कितीतरी दिवस गेले.

पाठवायचेच होते तर मेरीला १६४६ पर्यंत थांबवण्याचे कारण काय? दरम्यान जप्तीतले उत्पन्न गेले, घर कुजले, जॅकची आबाळ झाली. बायकोला धोक्यात घालायचे नाही, हे त्याचे कारण असू शकते. पण ती अखेर गेली ती गरोदरपणात.

बहिणींच्या बाबतीत मात्र त्याची चूक मला स्पष्ट दिसते, आणि तिचा आरंभ एडमंडपासून होतो. सहा मुलींचे सगळे भवितव्य राजाच्या एका मेहेरबानीवर टांगले होते. ती तुटल्यावर राल्फने त्यांना नियमाने पैसा देण्याऐवजी पत्राने उपदेश केला. सू नावाच्या बहिणीने कर्जात बुडालेल्या विधुराशी लग्न केले आणि ती १६५१ मध्ये बाळंतपणात गेली. सर्वांत धाकट्या बेटीने १६६२ मध्ये एका गरीब धर्मोपदेशकाचा हात धरला. जमीन थोरल्याच्या हाती अखंड राखायची, तर धाकट्यांचा वाटा आधी आणि वेगळा काढून ठेवायला हवा होता. दोन्ही पिढ्यांनी ते केले नाही.

आणखी एक पत्र आहे. डॉ. डेंटन यांची मुलगी नॅन्सी राल्फची मानसकन्या. तिला लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकायचे होते. राल्फने त्यांना आणि तिलाही समजावून लिहिले की मुलीला मातृभाषेतले बायबल आणि सोपे धर्मपाठ पुरेत, लॅटिन नको. हे मेरी गेल्यानंतरच्या वर्षांतले. कायद्याच्या कागदावरून, सरदारांच्या दिवाणखान्यांतून, दोन मुले गमावून जिने त्याचे घर परत आणले, तिच्या लंडनच्या पत्रांच्या गठ्ठ्याशेजारीच त्याने या पत्राची नक्कल जपून ठेवली.